अक्कांची शिकवणी

नव्या मुलीचं नामकरण पहिल्या चहाच्या आतच उरकलं. ती वर्गात पहिली आलेली होती आणि प्रमाणपत्रांचं फोल्डर छातीशी घट्ट धरून दारात उभी होती. प्लास्टर कालवणाऱ्या काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि कोपरापर्यंत पांढरे झालेले हात जोडून म्हणाले, "या, डिग्री, या!" ते नाव तिला असं चिकटलं की खरवडूनही निघेना.

इस्पितळाच्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून तो कारखाना होता. तिथं कृत्रिम पाय तयार होत. खोल्या तीनच. पहिलीत प्लास्टर, दुसरीत यंत्रं आणि कामाची टेबलं. तिसरी बोळासारखी लांब होती. तिथं धरून चालायला दोन आडवे दांडे होते आणि भिंतभर आरसा. माणसं आपल्या नव्या पायावर पहिलं पाऊल टाकत ती याच खोलीत.

या सगळ्याच्या मुख्य होत्या अक्का. वय छप्पन्न, अंगकाठी काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. वयानं मोठे डॉक्टरही त्यांना अक्काच म्हणायचे. डिग्रीनं त्यांच्यासमोर फोल्डर उघडलं. अक्कांनी एकेक कागद नीट वाचला, अगदी मागची बाजूसुद्धा पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे. आता खिडकीत बस."

"काय करू तिथं?"

"माणसं कशी चालतात ते बघ."

खिडकीतून इस्पितळाचं फाटक दिसायचं. डिग्री एक दिवस बसली, दोन दिवस बसली, आठवडा झाला. घरी तिचा पारा चढला. "एवढं शिकून मी रहदारी मोजतेय!" ती आईला म्हणाली. आईनं तिच्या मामेभावाचं उदाहरण पुढं केलं. तो गारेगार केबिनमध्ये फिरत्या खुर्चीवर बसत होता. वडील म्हणाले, "महिनाभर कळ काढ. पहिल्याच नोकरीत घोड्यावर बसू नकोस."

ती चिडलेली होती, तरी बसून बसून एक गोष्ट घडली. तिला दिसायला लागलं. हा माणूस डाव्या टाचेवर जास्त रेलतो. त्या बाईंचा खांदा पडतो, पण दुखणं खांद्यात नाही, कमरेत आहे. मग दहाव्या दिवशी तिनं जे पाहिलं, त्यानं ती चाटच पडली.

अक्कांचं टेबल चालण्याच्या खोलीच्या दाराशी होतं आणि त्या नेहमी खोलीकडं पाठ करून बसत. मागं कोणीतरी चालत होतं. अक्कांनी हातातली कानस थांबवली, पावलांच्या आवाजाकडं कान दिला आणि मान न वळवताच म्हणाल्या, "दादा, बूट बदललात वाटतं? जुन्याची टाच उंच होती."

दांड्यांमधला माणूस जागीच थबकला. बूट कालच घेतला होता.

"यांना कसं कळलं?" डिग्रीनं काकांना कुजबुजत विचारलं.

काकांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि रंगात येऊन सांगू लागले. अक्का इथं आल्या त्या एकोणिसाव्या वर्षी, फरशी पुसायला. शिक्षण सातवी. तेव्हाचे मोठे मास्तर भलतेच तापट होते, त्यांच्या टेबलाजवळ फिरकायची कोणाची टाप नव्हती. पण टेबलाखालचा केर तर अक्काच काढायच्या. मास्तर पायाच्या साच्यावरून प्लास्टर तासायचे आणि त्याचा चुरा खाली पडायचा. कोणत्या दिवशी किती चुरा, कोणत्या बाजूला जाडसर, कोणत्या बाजूला भुगा, हे पोरगी झाडता झाडता बघत होती. वर्षभरानं एके दिवशी झाडू हातात धरूनच ती म्हणाली, "मास्तर, आज गुडघ्याच्या वाटीखालून कमी काढलंत."

"मग?"

"मग काय! मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चालू लाग म्हणाले. चौथ्या दिवशी तो पेशंट परत आला. पाय खाली सरकत होता. कारण भार तिथंच पेलायचा असतो, वाटीखाली. मास्तर हट्टी होते, पण खोटे नव्हते. स्वतः अक्काच्या घरी गेले आणि दारातूनच ओरडले, 'उद्यापासून झाडू नको आणूस!' घरच्यांना वाटलं, नोकरी गेली."

डिग्रीला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. ती मागं वळली, तर अक्का शांतपणे कानस चालवत होत्या.

दोन महिन्यांनी तिला पहिला पाय बनवायला मिळाला. पेशंट रंगारी होते, शिडीवरून पडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. डिग्रीनं जीव ओतला. मापं चारदा घेतली. पाय असा गुळगुळीत उतरला की काका म्हणाले, "याला काचेच्या कपाटात ठेवा." रंगारीदादा तो घालून बघायला एक दिवस घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन दांड्यांमध्ये चालले, वळले, परत चालले. डिग्रीनं विचारलं, "दुखतंय का?"

"छे छे, एकदम झकास!"

अक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्यांना दुखतंय."

"पण ते तर झकास म्हणाले."

अक्का उठल्या. रंगारीदादांना खुर्चीत बसवून त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. दुखण्याचं नावही काढलं नाही. विचारलं, "काल पाय घालून बघायला नेला होतात ना? घरी गेल्यावर आधी काय केलंत?"

दादा खाली बघायला लागले. "काढून ठेवला."

"आणि आज खरं का नाही बोललात?"

"ताईंचा पहिलाच पाय ना," ते ओशाळून म्हणाले. "म्हटलं, पोरीचा हिरमोड कशाला करा."

डिग्रीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाय काढला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचं जे बोंड असतं, तिथं कातडी लालभडक झाली होती. तिथं जागा सोडायची असते, हे ती परीक्षेत आकृती काढून लिहून आली होती. ती आता ओरडा खायच्या तयारीनं उभी राहिली.

अक्कांनी ओरडा दिलाच नाही. तिचा हात धरला आणि तिचं बोट त्या हाडावर ठेवलं. "दाब नको देऊस. नुसतं ठेव. दादा, तुम्ही पाय ताणा, सोडा. पुन्हा ताणा." बोटाखाली हाड किंचित सरकत होतं आणि परत जागेवर येत होतं. मापपट्टीवर न दिसलेली ती हालचाल डिग्रीच्या बोटाला स्वच्छ जाणवली. 

"आता नवा कर," अक्का म्हणाल्या. "पहिल्यापासून. मी प्लास्टर कालवते."

आणि मुख्य बाईंनी खरंच पदर खोचून प्लास्टर कालवलं. दुसरा पाय घालून रंगारीदादा घरी गेले ते आठ दिवस फिरकलेच नाहीत. नवव्या दिवशी निरोप आला की कामावर चढलोय, सवड नाही.

वर्ष सरलं आणि कारखान्यात नवं यंत्र आलं. पायाभोवती फिरवायचं, की संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब आकार उमटायचा. प्लास्टर नको, चुरा नको. काकांचं धाबं दणाणलं. जो तो म्हणू लागला, अक्कांचे दिवस भरले. आता त्या मुदतीआधीच निवृत्ती घेणार, ही काळ्या दगडावरची रेघ. यंत्र चालवता यायचं ते एकट्या डिग्रीला.

दुसऱ्या दिवशी ती कामाच्या तासभर आधी आली, तर पडद्यासमोर स्टूल ओढून अक्का बसलेल्या. मांडीवर शाळकरी पोरांची असते तशी शंभर पानी वही, हातात टोक केलेली पेन्सिल.

"शिकव," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश. मला माउस धरता येत नाही."

डिग्रीनं माउस त्यांच्या हातात दिला. जिच्या बोटांशी हाडं बोलतात ती बाई माउस धरून बाणाच्या मागं धावत होती आणि बाण पडद्याबाहेर पळत होता. काकांनी दारातून पाहिलं आणि तोंडात बोटं घातली. अक्का स्वतःवरच खदखदून हसल्या, "बघा काका, उंदीर मला नाचवतोय!"

तीन महिने एकही सकाळ चुकली नाही. दहा वेळा चुकलं तर त्या अकराव्यांदा विचारत, त्यात लाज नाही की लपवाछपवी नाही. कॉलेजात न समजलेल्या गोष्टींवर डिग्रीनं नुसती मान डोलावली होती, ते तिला इथं आठवायचं आणि कान गरम व्हायचे.

एका सकाळी अक्कांनी विचारलं, "हे यंत्र आकार पाहतं. पण कुठं हाड आणि कुठं मऊ, ते याला कसं कळतं?"

डिग्री म्हणाली, "नाही कळत, अक्का."

"मग आधी हातानं बघून कातडीवर खुणा केल्या तर? खुणा दिसतील का याला?"

दिसल्या. पडद्यावर निळे ठिपके स्वच्छ उमटले. त्या दिवसापासून तिथं आधी हात आणि मग यंत्र, असं काम सुरू झालं. प्लास्टर कालवणारे काकाही खुणा करायला शिकले आणि त्यांचं धाबं पूर्ववत झालं.

यंत्रावरचा स्वतःचा पहिला पाय अक्कांनी एका शाळेतल्या खेळाच्या बाईंसाठी केला. त्या दिवशी चालण्याच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. डॉक्टर आले, परिचारिका आल्या, शेजारच्या खोलीतून धुण्याचं काम टाकून माणसं आली. बाई चालल्या, झपझप चालल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

डिग्रीनं मात्र टाळी वाजवायला उचललेले हात तसेच खाली घेतले. बाई वेग घेत तेव्हा पाऊल उचलताना टाच केसभर बाहेर फेकली जात होती. बाकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. इतक्या लोकांसमोर, आणि ते अक्कांना! 

तोच टाळ्यांच्या गलक्यातून अक्का सरळ तिच्याकडं आल्या. "बोल. मला आज पावलं ऐकू येत नाहीयेत. कानात नुसती धडधड होतेय."

"टाच बाहेर जातेय," डिग्री कशीबशी म्हणाली. "जोरात चालल्यावर. दोन-तीन अंश."

टाळ्या थांबल्या.

"कुठं?" अक्कांनी चष्मा सारखा केला. "बाई, पुन्हा चाला बरं. जोरात." आणि त्या चक्क फरशीवर बसल्या, गाल जमिनीला टेकेपर्यंत वाकल्या. बाई आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. अक्कांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "आहे! आहे गं! अगदी आहे!" त्या असं म्हणाल्या जणू चूक नव्हे, हरवलेली वस्तू सापडली. "पान्हा दे."

डिग्रीनं पान्हा दिला.  अक्का फरशीवर मांडी घालून स्क्रू सैल करत होत्या, केसांत धूळ लागलेली, ओठांत पेन्सिल धरलेली, आणि डॉक्टरांपासून धोब्यापर्यंत सगळे श्वास रोखून बघत होते. डिग्रीला वाटलं, सदतीस वर्षांपूर्वी झाडू घेऊन मास्तरांच्या टेबलाखाली वाकलेली पोरगी अशीच दिसत असेल.

स्क्रू आवळून अक्कांनी वर पाहिलं. "आता बरोबर आहे का गं?"

"बाईंना चालू द्या की आधी," डिग्री म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.