आमेन कुठे म्हणायचं

माझे सासरे अकोल्याहून बैलगाडी घेऊन आले ते मुलीला आणि दोन महिन्यांच्या नातवाला कायमचं उचलून न्यायला. ते गोव्याचे, रोमन कॅथलिक, रेल्वेचा रस्ता आखणाऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी. मी अमरावतीचा प्रोटेस्टंट, कापसाच्या अडतीत कारकून. आमच्या लग्नाकडे दोन्हीकडच्यांनी सारखीच पाठ फिरवली होती. तेवढी एकी मात्र पहिल्या दिवसापासून होती!

"मामा, पोराला नेता कशाला?"

"गुडघे टेकणारी माणसं त्याच्या नजरेला पडावीत म्हणून. तुम्ही देवाशी उभ्यानं बोलता, बाजारात भाव विचारल्यासारखं."

मी म्हटलं, एकदा सगळे मिळून प्रार्थना करू, मग ठरवा. ते म्हणाले, "बघतो. लबाडी दिसली की गाडी जोडलेलीच आहे."

आमच्या प्रार्थनाघरात ते पाऊल टाकेनात, आणि बायकोनं मेरीची मूर्ती ठेवलेली, म्हणून आमच्या घरात आमचे उपदेशक येईनात. उरलं अडतीचं गोदाम. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून त्या वर्षी आमच्या गावभर कापूस होता. चार गठ्ठे ढकलून आम्ही देवापुरती जागा केली.

उपदेशकांना आमच्यात सगळे मास्तर म्हणत. सासऱ्यांच्या कोटाच्या खिशात पवित्र पाण्याची बाटली असणार, असा मास्तरांना संशय. मास्तर हळूच प्रवचन सुरू करणार, असा सासऱ्यांना. शेवटी ठरलं: प्रवचन नाही, जपमाळ नाही, फक्त येशूनं स्वतः शिकवलेली प्रभूची प्रार्थना. ती तर दोघांचीही एकच. मराठीतून म्हणायची, म्हणून सासऱ्यांनी ती मुलीकडून घोकून घेतली.

सगळ्यांनी गुडघे टेकले. मास्तरांनीही, कुरकुरत. डोळे मात्र कोणीच मिटले नाहीत. मला ठाऊक आहे, कारण माझेही उघडेच होते.

"...आम्हांला वाइटापासून सोडव. आमेन," म्हणत सासरे उठले. आणि आम्ही पुढे चाललोच: "कारण राज्य, पराक्रम आणि गौरव..."

"थांबा! हे शेपूट कोणी जोडलं?"

"जोडलं?" मास्तरही उठले. "तुम्ही कापलंत!"

"देवाच्या बोलण्यात भर घालता?"

"देवाचं राज्य लपवता?"

दारातल्या गाडीवानानं बैलांच्या पाठीवरून विचारलं, "मालक, देव एकच हाये न तुमचा? मंग काऊन भांडून राहिले?"

सासऱ्यांनी मुलीकडे बोट केलं. "चल, गाठोडं घे."

बायको जागची हलली नाही. "बाबा, मी तुम्ही थांबता तिथेच थांबते. रोज. हे पुढचं म्हणतात, मी ऐकून घेते. मग आम्ही जेवतो. लग्नापासून असंच चाललंय."

"आणि तू ते शेपूट कधीच म्हणत नाहीस?"

"नाही."

"आणि हा तुला म्हणायला लावत नाही?"

"नाही."

सासरे माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू माझ्याच खिशात बाटली सापडली. मग पुन्हा गुडघ्यांवर बसले. "मास्तर, परत. पहिल्यापासून."

या वेळी आमेन म्हणून ते गप्प राहिले, पण उठले नाहीत. ओठ घट्ट मिटून, मास्तरांच्या तोंडाकडे पाहत त्यांनी आमचा शेवटचा शब्द ऐकला.

गाडीत ते एकटेच चढले. बायकोनं बाळ वर धरलं, तेव्हा वाकून त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि मास्तरांकडे वळले.

"वाक्य चांगलं आहे. पण ते कुणी घातलं, हे मी शोधून काढणार."