दारात कुणी पाणी मागितलं तर

८ एप्रिल १९८४, रविवार. सकाळी कैऱ्या उकडून त्यांचा गर काढत बसले होते. संध्याकाळी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि पन्ह्याला गर बराच लागणार होता. हात कामात होते, डोकं सोमवारात. मुलीची दहावीची परीक्षा संपलेली. उद्यापासून मी बेलापूरला ऑफिसात, नवरा मुंबईला, आणि ती वाशीच्या आमच्या चौथ्या मजल्यावर दिवसभर एकटी. समोरच्या दोन्ही फ्लॅटना अजून कुलपं होती. घेणाऱ्यांनी घेऊन ठेवलेले, राहायला कुणी आलेलं नव्हतं. दुपारी तिनं हाक मारली असती तर ऐकायला नुसता जिना.

महिन्यापूर्वी शेजारच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी चोरी झाली होती. घरातल्या बाईच्या मनगटावर बांगड्या ओरबाडल्याचे वळ होते. पोलीस आले, कुलपाची चौकशी करून गेले. मग सगळ्या बिल्डिंगनं नवी कुलपं आणली.

मुलगी वर्षभर गच्चीवरच्या कराटे क्लासला जात होती. पिवळा पट्टा मिळाला होता. "आई, कोण आला ना, तर त्याची वाट लावीन," म्हणायची. ते ऐकून मला जास्तच धडकी भरायची.

म्हणून त्या आठवड्यात जिथे जिथे हळदीकुंकवाला गेले तिथे मी विचारत सुटले. तुमच्याकडे कधी भलता माणूस आला होता का? कुठल्या वेळी? काय सांगून? तुम्ही तेव्हा काय करत होता? पोलिसांना सांगत नाहीत ते बायका ओटीत हरभरे घेता घेता सांगतात. कुणाकडे मीटर बघायला आला होता, कुणाकडे 'साहेबांनी फाइल मागवलीय' म्हणून. दार कुणाचंच फोडलेलं नव्हतं. दार आम्हीच उघडलं होतं. आणि ती मनगटावर वळ असलेली, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्याने पाणी मागितलं हो. मी आणायला आत गेले. ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका."

त्या रविवारी दुपारी चारला मी गच्चीवर गेले. मुली ओळीनं उभ्या राहून हवेत ठोसे मारत होत्या. शिकवणारे सर तरुण होते, ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यात शिफ्ट करून रविवारी यायचे.

"सर, चोर असा समोर उभा राहून ओरडून ठोसा मारतो का?"

"मॅडम, आधी बेसिक पक्कं लागतं."

"बेसिक होईल पुढच्या वर्षी. माझी उद्या दुपारी एकटी आहे."

ते जरा दुखावले. पण मी ऐकलेलं सगळं, कुणाचंही नाव न घेता, सांगितलं तेव्हा त्यांनी मुलींना थांबवलं. मग गच्चीचं दार लोटून घेतलं, ते घराचं दार समजायचं ठरलं, आणि सर जिन्यात जाऊन उभे राहिले. मुलींमध्ये खसखस पिकली. माझी सगळ्यात पुढे.

टकटक झाली. तिनं दार चार बोटं उघडलं.

"कोण?"

"ताई, पप्पांच्या ऑफिसातून आलोय. त्यांची फाइल राहिली घरी."

"पप्पांचं नाव सांगा."

सर अडखळले. मुलींनी टाळ्या पिटल्या. तिनं मागे वळून माझ्याकडे ऐटीत पाहिलं.

"बरं, पप्पांनाच पाठवतो," सर म्हणाले. "जरा पाणी मिळेल का, ताई? ऊन फार आहे, जिने चढून आलोय."

"हो, थांबा हं." आणि ती पाठ फिरवून कोपऱ्यातली स्वतःची बाटली आणायला गेली. परत आली तोवर सर आत उभे होते आणि दाराला त्यांनीच आतून कडी घातली होती.

मुली पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही.

"पण आई, त्यांना खरंच तहान लागली होती!" ती रडकुंडीला आली. सरांनी तोवर बाटली रिकामी केली होती.

संध्याकाळी पन्हं वाटताना मी विषय काढला, की सोमवारपासून दुपारी पाण्यालाही दार उघडायचं नाही, असं मुलीला सांगणार आहे. तळमजल्यावरच्या काकू रत्नागिरीकडच्या. त्यांनी हातातलं पन्हं खाली ठेवलं.

"अगो, दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं? आणि ते चैत्रात? मुलीला हे शिकवतेस?"

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. "कराटेवाली झाली आता ही," कुणीतरी म्हणालं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. म्हणून मी पुढचा पेला भरायला घेतला.

"काकू, मी दिलं होतं पाणी," शेजारच्या बिल्डिंगमधली म्हणाली. तिनं पदर मागे सारून मनगट पुढे केलं. "फुलपात्र हातात होतं माझ्या. ते सांडू नये म्हणून मी सावकाश चालत आले."

काकूंनी तिचा हात हातात घेऊन बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाल्या, "तरी पण गो, पाणी..." आणि तिथेच थांबल्या.

रात्री मला झोप लागली नाही. मुलीला पाच वेळा बजावलं असतं तरी कुणी तहानलेला आला की ती आत वळणार, हे मला कळून चुकलं होतं. मीही वळले असते. आम्हाला तसंच वाढवलेलं होतं.

सोमवारी सकाळी डबे भरून झाल्यावर मी स्वयंपाकघरातला माठ उचलला आणि दाराबाहेर तिवईवर ठेवला. वर झाकण, झाकणावर फुलपात्र. फुलपात्र कुणी नेऊ नये म्हणून सुतळीनं तिवईला बांधलं. मुलीला म्हटलं, "पाणी बाहेर आहे. मागेल त्याला तेवढंच सांगायचं, ते दाराआडून." मग बाहेर उभी राहिले, आतून कडी आणि वरचा बोल्ट बसल्याचा आवाज ऐकला, आणि बस गाठायला खाली उतरले.