पलीकडच्या किनाऱ्याची बोली

अमेरिकेत रेडमंडला आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक मायलेकींची जोडी राहायची. लेक माझ्याच वयाची, माझ्यासारखीच सॉफ्टवेअरमधली. आई सत्तरीच्या. त्यांना मी मावशी म्हणायचे. त्या रशियाच्या अगदी पूर्व टोकाला असलेल्या सखालिन बेटावरच्या, निव्ख जमातीच्या. पश्चिम किनाऱ्यावर त्यांचं मासेमारांचं छोटंसं गाव होतं. त्या शाळकरी असताना सरकारनं तशी कितीतरी गावं बंद करून माणसं नेक्रासोव्हका नावाच्या वस्तीत हलवली. तिथल्या निवासी शाळेत निव्ख बोललं की मार बसायचा. म्हणून मावशींनी लेकीला फक्त रशियन शिकवलं.

मागच्या हिवाळ्यात मावशींना स्ट्रोक आला. शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी गेलं होतं आणि रशियनही. लेकीचा मला फोन आला. "तू येतेस का? आई बोलतेय गं, पण मला एक अक्षर कळत नाहीये."

हॉस्पिटलनं फोनवर रशियन दुभाषा लावून दिला होता. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि "हे रशियन नाही," एवढंच म्हणाला. मावशी माझा हात धरून काहीतरी विचारत होत्या. 'मू' हा शब्द सारखा येत होता. मी आपली मान हलवत राहिले.

लेकीनं ओळखी काढत काढत सखालिनवरच्या नोगलिकी गावातली, निव्ख बोलणारी एक आजी शोधली. व्हिडिओ कॉलवर त्या आजींनी स्क्रीनला कान लावून ऐकलं. त्यांचं रशियन लेक मला सांगत होती.

"आम्ही पूर्व किनाऱ्याचे. हिची बोली पलीकडची. मला अर्धंही कळत नाही."

"जेवढं कळतंय तेवढं सांगा."

"मू म्हणजे होडी. कुणाला तरी होडीत का घेतलं नाही, विचारतेय. कुत्र्यांना म्हणतेय की आईला, ते नाही कळत."

"तिची बोली येणारं दुसरं कुणी आहे?"

"नेक्रासोव्हकात एक होती. वारली ती."

लेक रडवेली झाली. "मग तुमच्या बोलीत तरी सांगा तिला. म्हणावं, सगळे आले होडीत. कुणी मागं राहिलं नाही."

आजींनी सांगितलं, दोनदा. मावशींनी लक्ष देऊन ऐकलं. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, मघापेक्षा मोठ्यानं.

पुढं मावशी घरी आल्या. मी ऑफिसमधून आल्यावर मऊ भात घेऊन जायचे. त्या दोन घास खायच्या आणि बोलत राहायच्या. लेक रशियनमध्ये उत्तर द्यायची, मी मराठीत. "हो मावशी, आले सगळे," असं काहीबाही. नुसता आवाज तरी जावा कानावर, म्हणून. त्या आमच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, डॉक्टर काय सांगतो ते ऐकावं तशा.

हिवाळा सरता सरता त्या बोलायच्याच थांबल्या. दमल्या होत्या, की आमच्याकडून उत्तर मिळणार नाही हे त्यांना कळलं होतं, कुणास ठाऊक. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या गेल्या. लेक उशाशी बसून होती, मी खिडकीपाशी उभी होते. शेवटी त्यांचे ओठ हलले. लेकीनं कान जवळ नेला, माझ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.