रशीद मिस्त्रींनी घडवलेलं दुकान

रशीदभाऊ मिस्त्री कुठल्याही कामाचं माप घ्यायच्या आधी त्या रिकाम्या खोलीत चपला काढून बसत आणि डोळे मिटून घेत. चंद्रपुरातल्या माझ्या गाळ्यात ते असे बसले तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, मिस्त्री माझ्याच गाळ्यात झोपा काढणार. अर्ध्या तासानं उठून म्हणाले, "बाई, इथी टायराचं दुकान होतं. तो वास भिंतीत बसून राह्यला. तो निघाल्याशिवाय मी खिळा ठोकत नाई." टायरचं दुकान खरंच होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नव्हतं.

मी गडचांदूरला एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. पाठ धरलेली, झोप उडालेली माणसं रोज पाहायची. नोकरी सोडली आणि ठरवलं, एक दुकान काढायचं. तेलं, मध, वनौषधी ठेवायच्या, आत मालिशची खोली करायची, आणि पाऊल टाकताच माणसाला नुसतं बरं वाटलं पाहिजे. नागपूरच्या एका डिझायनरकडून चित्रं काढून घेतली. निळे दिवे, पाण्याचं यंत्र, कोपऱ्यात ध्यानाला बसलेली मूर्ती. रशीदभाऊंनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, "हे दुकान कोणत्या गावचं आहे?" मी चित्रं गुंडाळून ठेवली.

मग त्यांनी त्यांच्या रीतीनं काम काढलं. "पह्यले नाक, मंग पाय, मंग हात. डोळे सगळ्यात शेवटी," हे त्यांचं पालुपद. भिंती खरवडून त्यावर पिवळ्या मातीचा लेप दिला. आत शिरल्यावर पायाला गार लागावं म्हणून उंबऱ्यापाशी नदीतले गुळगुळीत दगड बसवले. सागवानी खण केले, पण त्यांवर नावं लिहू देईनात. गिऱ्हाइकानं खण उघडून आधी वास घ्यावा, मग नाव विचारावं, असं म्हणत. छताला चिरलेले बांबू लावले, तर दुपारचं ऊन बांबूच्या बेटातल्यासारखं खाली झिरपू लागलं. गल्ल्यापुढची फळी मोहाच्या लाकडाची. मोहानं इकडच्या किती पिढ्या जगवल्या, तेव्हा येणाऱ्याचा पहिला हात त्यालाच लागला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

या साऱ्याबद्दल त्यांनी एकच गोष्ट मागितली. उद्घाटनाच्या दिवशी दारात उभं राहू द्यायचं. "माणसं आत येतील तं त्याह्यचे चेहरे पाहाचे आहेत, बाई. घर बांधून होते, मालक राहाले येते, तवा मिस्त्री दुसऱ्या कामावर असते. मी आजवर एक चेहरा नाई पाह्यला."

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना मी एक शहाणपणा केला. एका व्यापाऱ्याकडून कोरीव लाकडी खांब आणला. वर चंद्र-सूर्य, खाली मासे आणि मधोमध चक्क एक सायकल. मला भारी गंमत वाटली. म्हटलं, दारातच उभा करू. रशीदभाऊंनी खांबाचा बुडखा पाहिला. तो मातीनं काळा पडून कुजला होता. त्यांनी त्यावर चादर टाकली आणि म्हणाले, "हा कुठीतरी रोवला होता. हा कोणीतरी उपटून आणला आहे. मी नाई लावत."

मी चिडले. चांगलीच चिडले. दुकान माझं, दार माझं, मिस्त्रीनं सांगितलेलं काम करावं, असं फाडकन बोलून गेले. दुसऱ्या दिवशी हिरडा-बेहडा घेऊन एटापल्लीकडची सोमाबाई आली. ती माडिया आदिवासी, जंगलातलं माझं निम्मं सामान तीच आणायची. रशीदभाऊंनी चादर काढली आणि ती दोन पावलं मागे सरकली. "हा खांब नाई, बाई," ती म्हणाली. "हा माणूस आहे."

तिच्या शेजारच्या गावात सायकलवर फिरणारा एकजण वारला होता. त्याच्या नावानं घरच्यांनी गावाबाहेर हा खांब कोरून रोवला, आणि मागच्या वर्षी तो चोरीला गेला. माझी तर मान वर होईना. तिनं गावात फोन लावला. खांब रविवारपर्यंत पोचायला हवा होता, कारण सोमवारी सगळं घर मिरची तोडायला तेलंगणात निघणार होतं. आणि माझं उद्घाटन रविवारीच होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते. मी म्हटलं, ड्रायव्हरबरोबर पाठवून देऊ. रशीदभाऊ म्हणाले, "माणसाले असं एकटं पाठवत नाई." बुडख्याचा कुजका भाग तासून त्यांनी त्याला जुन्या सागाचा जोड दिला, तो पक्का बसायला शनिवारची रात्र झाली, आणि रविवारी पहाटे सोमाबाईसोबत पिकअपमध्ये बसून निघून गेले.

उद्घाटन झकास झालं. लोक दगडांवर थबकत, खण उघडून वास घेत आणि बोलायचे थांबत. घुग्घुसहून आलेला एक खाणकामगार मोहाच्या फळीवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसता उभा होता. जो तो विचारत होता, हे केलं कोणी? मी दाराकडे पाहत होते, आणि दारात कोणी नव्हतं.

रशीदभाऊ मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांचं नाव मी आता भिंतीवर ठळक अक्षरात लिहून घेतलं आहे. पण मला खरा अभिमान आहे तो सोमवारी संध्याकाळी धुळीनं माखून माझ्या दारात परतलेल्या माणसाचा. मी रडवेली होऊन म्हटलं, भाऊ, सगळ्यांचे चेहरे हुकले तुमचे. ते दगडांवर पाय गार करत बसले होते.

"त्याची माय अजून आहे, बाई. खांब उभा केला तं तिनं त्या सायकलीवर हात फिरवला. मी समोरच उभा होतो. चेहरा पाह्यला मी."