गोदाक्काच्या गळ्यातली माळ

गोदाक्का कुठेही निघाली तरी लग्नाला निघाल्यासारखी निघायची. नौबादला माझ्या ओट्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा अंगावर जरीकाठाचं लुगडं, हातात पाटल्या. निजामाच्या राज्यात माझी वकिली नवी होती. पैसेवाली पक्षकार आली म्हणून मी घाईघाईनं सतरंजी अंथरली.

"वकीलअण्णा, माझ्याजवळ काय बी न्हाई," ती ऐसपैस बसत म्हणाली. "हे समदं गल्लीतल्या बायांचं हाय. कोहिनूर गावाहून शहराला यायचं, तर उघड्या हातानं कसं यावं?"

नवऱ्यानं तिला टाकली होती. बापानं चोळीबांगडीसाठी म्हणून लिहून दिलेल्या रानावर ती जगत होती. बाप वारला आणि चुलतभाऊ भीमरावानं ते रान दाबलं. दावा लावायला रसूम, म्हणजे कोर्टाची फी, भरावी लागे. ती माफ व्हायची तर मुफलिसीची, म्हणजे गरिबीची, अर्जी द्यायची आणि आपल्यापाशी काही नाही हे मुन्सिफासमोर, म्हणजे न्यायाधीशासमोर, पटवून द्यायचं. अर्जी फेटाळली गेली असती तर रान सुटणार नव्हतं. म्हणून मी तिला पुन्हापुन्हा बजावलं, "तारखेला साधी या."

तारखेला ती आली ती आणखी नटून. मी कपाळावर हात मारला.

"सरकारच्या दारात भिकारणीवाणी येऊ व्हय?" ती मलाच रागावली. "माझ्या बापाचं नाव जाईल की!"

समोरच्या वकिलाला आयतंच मिळालं. "हुजूर, हीच का मुफलिस?" म्हणत त्यानं तिला पदर बाजूला घ्यायला लावला. गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती. मुन्सिफानं विचारलं, कुणाची? गोदाक्का म्हणाली, "माझी न्हाई." मग कुणाची? तिनं पदर पुन्हा गळ्यावर ओढून घेतला. मी कानाशी लागून विनवलं, नाव सांगा, नाहीतर सगळं गेलं. ती हळूच पुटपुटली, "नाव घेतलं तर त्या बाईला घरात मार बसंल, अण्णा." तिच्या या हट्टाचा मला तेव्हा संतापच आला.

मुन्सिफ वैतागला. नाव सांगत नाही तर माळ हिचीच. विकावी आणि रसूम भरावी, असं तो म्हणाला.

मागच्या बाकावरून भीमराव ताडकन उठला. "कशी विकता? माझ्या बायकोची हाय ती माळ!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग चपराशीसुद्धा हसला. भीमरावाच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. अर्जी मंजूर झाली.

बाहेर आल्यावर गोदाक्कानं माळ काढून भावाच्या हातात ठेवली. "वैनीला बोलू नको, दादा. माझा गळा मोकळा बघून तिला लाज वाटली. तुला वाटली न्हाई."

पुढं दावा आम्ही जिंकलो. रान मिळालं, पण सोनं काही तिनं केलं नाही. मागून आणायची आणि मिरवायची.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी कोहिनूरला गेलो. नवऱ्यानं टाकली तरी सवाष्णच, म्हणून बायांनी तिला नटवलं होतं. वहिनीनं तीच माळ आणून गळ्यात घातली होती. तिरडी उचलायची वेळ झाली, तशी कुणी बाई माळ काढायला वाकली. भीमरावानं तिला थांबवलं.

"वेशीपर्यंत राहू दे," तो म्हणाला. "कुणी विचारलंच, तर तिची हाय म्हणून सांगा."