पानावरच्या मिठाची जागा

सत्य फार काळ झाकून राहत नाही. हे वाक्य मी दहिवलीच्या शाळेत मुलांकडून इतक्या वेळा गिरवून घेतलं आहे, की माझा त्यावर विश्वास असावा असं सगळ्यांना वाटतं. माझ्यापाशी एक सत्य आहे. ते गेली पंधराएक वर्षं व्यवस्थित झाकून राहिलेलं आहे. मला त्यासाठी विशेष कष्टही पडले नाहीत.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या घरी जेवायला येणार नाही. आलात, तर कृपा करून या विषयावर बोलू नका—वाढणाऱ्या बाईंना ऐकू जाईल.

माझा थोरला भाऊ दादा. गावाचा दादासाहेब. कोणतीही गोष्ट साधेपणानं करणं त्याला कमीपणाचं वाटे. विहिरीवर नवा रहाट बसवला तरी नारळ फुटायचा, दादा फेटा बांधून चार शब्द बोलायचा, आणि मी मागं उभा राहून गालातल्या गालात हसायचो. ते हसणं एवढीच माझी स्वतःची मिळकत. बाकी शेती, घर, माझी मास्तरकी, माझं लग्न, सगळं दादानं ठरवलेलं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, तेवढं त्यानं ठरवलेलं नव्हतं. तेव्हापासून मी त्याच्याच पंक्तीला जेवत होतो. घरात आम्ही दोघं, वहिनी आणि आमची म्हातारी आत्या.

युरोपातली लढाई संपून काही वर्षं झाली होती, तेव्हा दादाला घेरी येऊ लागली. सकाळी उठला की मान भरून आलेली, डोकं ठणकत असलेलं. झालं—कारण शोधायला सारा तालुका आमच्या ओटीवर जमला. वैद्यबुवा म्हणाले, पित्त. आत्या म्हणाली, कुलदेवतेचा गोंधळ राहिलाय. खालापूरचे एक निवृत्त अव्वल कारकून निसर्गोपचाराचे भक्त होते. त्यांच्या मते दोष चहाचा. त्यांनी दादाच्या पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली आणि त्याला पहाटे दवात अनवाणी चालवलं. त्यानं दादाला पडसं झालं. मग लसणीच्या पाकळ्या, मग दुधी भोपळ्याचा रस, मग डोंगरावरच्या ठाकरानं आणून दिलेली कसलीशी कडू मुळी. ती घेतली की दादाला छान झोप लागे, पण वैद्यबुवांनी ती हलक्या माणसाची दवा म्हणून बंद करवली. मी बाजूला बसून सगळ्यांची मजा पाहत होतो. मी थोडंफार वाचलेला माणूस. माझा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता.

मग माथेरानला उन्हाळ्यात येणारे एक मुंबईचे डॉक्टर दादानं खटपट करून खाली आणवले. त्यांच्यापाशी रक्ताचा दाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं. दादा जरीचा फेटा बांधून बसला. आत्यानं यंत्राच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं. डॉक्टर भले गृहस्थ, ते वाहून होईपर्यंत थांबले. दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढला.

“बराच वर गेला ना?” दादानं विचारलं.

“हो. फार वर.”

“कर्जत-खालापुरात एवढा कुणाचा नसेल.” दादा आमच्याकडं पाहत म्हणाला. “आता धाकट्याचा बघा.”

माझा दाब सर्वसाधारण निघाला. दादानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, यावर खात्रीचं औषध नाही. संताप आवरा, दुपारी पडत जा, आणि मीठ बंद करा. अजिबात बंद. दादाला हा अपमान वाटला. एवढा मोठा रोग आणि त्याचं कारण काय, तर मीठ? आमच्या शेतावर राबणारी चांगुणा जळणाचा भारा घेऊन आली होती, ती ओटीखाली उभी राहून ऐकत होती. जाताना मला म्हणाली, “तात्या, मीठ सरलं का आमी बी आळनीच खातो. आमाला डागदर नाय लागला सांगाया.”

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी—तुमच्याकडंही असेल. पान मांडलं की पहिल्यानं मीठ वाढायचं, वर डाव्या हाताला. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि मग बाकीचं. मीठ वाढते ती वाढणारी. जेवणाऱ्यानं आपल्या हातानं घ्यायचं नसतं. बिनमिठाचं पान फक्त एकाचं—देवाच्या नैवेद्याचं. दादा रोज केळीच्या पानावर जेवत असे. दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्याचं पान वाढलं आणि ती डावी जागा मोकळी सोडली.

दादा पानाकडं बघत राहिला. “जिवंतपणीच नैवेद्य दाखवताय होय मला?” तो म्हणाला. “घंटा कोण वाजवणार? आत्या?”

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांचा शब्द कुलूप लावावा तसा लावून घेतला होता. चार माणसांसाठी दोन चुली पेटत. दादाचं वरण वेगळं, भाजी वेगळी. लोणच्याची बरणी त्यांनी शिंक्यावर उंच टांगली. दादा चिडला, ओरडला, एकदा पान लोटून उठून गेला. त्या पुन्हा पान मांडायच्या. माझ्या पाहण्यात दादापुढं न वाकलेलं त्या घरातलं ते पहिलं माणूस. मी मात्र त्यांच्या या निग्रहालाही हसलो. म्हटलं, कालचं चहाचं खूळ, आजचं मिठाचं.

आणि मग एक दिवस—इथं मी जरा थांबतो. इथवर सगळं सोपं होतं.

आम्ही दोघं जेवत होतो. वहिनी ताक आणायला आत गेल्या. दादा खालच्या आवाजात म्हणाला, “तात्या, एवढं कर रे माझं. चिमूटभर.” बस्स, एवढंच. जन्मात त्यानं मला कधी काही मागितलं नव्हतं. सांगितलं होतं, बजावलं होतं, दिलंही होतं. मागितलं कधीच नव्हतं.

मला तपकिरीची सवय आहे. दुसऱ्या दिवशी मी दोन डब्या घेऊन जेवायला बसलो. एकीत तपकीर होती.

दुसऱ्या डबीतलं मीठ मी शाळेत, मधल्या सुट्टीत, पेपरवेटनं बारीक करत असे. वहिनी आत वळल्या की डबी उघडायची, भातावर भुरभुरायचं, कालवून टाकायचं. दादा डोळे मिटून घास घ्यायचा. पावसाळा सरत येईपर्यंत हे चाललं. डबी दादाच्या बाजूला जाताना दिसली, तेव्हा दादाही तपकीर ओढायला लागला म्हणून आत्या कुरकुरली, वहिनी म्हणाल्या, “ओढू द्या, एवढी तरी मौज राहू दे त्यांना.”

मी हे का केलं? दया आली म्हणून—असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. मिठानं काही होत नाही हे मला सिद्ध करायचं होतं—असंही सांगून पाहिलं. वाचलेल्या माणसाला ते शोभतं. पण खरं काय? खरं हे, की मला मागितलेलं आवडलं होतं. दादासाहेब रोज दुपारी माझ्या डबीकडं पाहायचे. वहिनींना यायला उशीर झाला, तरी मी कधीकधी मुद्दाम डबी काढायचोच नाही. उद्यापर्यंत वाट पाहू दे म्हणायचो. यात दया कुठं बसते? मला तरी जागा सापडलेली नाही.

भाद्रपदात एक दिवस दादा म्हणाला, “भातात लपवू नकोस. आज जागेवर ठेव. पान पानासारखं दिसू दे.” मी म्हटलं, कोणी पाहील. तो म्हणाला, पाहू दे. मी पानाच्या डाव्या हाताला, वर, अगदी रीतीप्रमाणं चिमूट ठेवली. दादानं तिच्याकडं पाहिलं. पहिला घास उचलला आणि तो हातातच राहिला. तोंड वाकडं झालं. तो उजव्या अंगावर कलंडला.

आत्या धावत आली, वहिनी आल्या. आम्ही त्याला उचलून पलंगावर ठेवलं, तोंडावर पाणी मारून झालं, कोणीतरी वैद्यबुवांकडं पळालं. आणि मग आत्याचं लक्ष पानाकडं गेलं. मीठ जिथल्या तिथं होतं. वाढणारीनं वाढावं, तसं.

“हे काय गं?” आत्या म्हणाली. “जिभेचे लाड पुरवलेस ना? आता बस कपाळाला हात लावून.”

“मी नाही हो वाढलं.”

“मग काय पान स्वतः वाढून घेतं?”

वहिनी माझ्याकडं वळल्या. “भाऊजी, तुम्ही समोर होतात. तुम्ही सांगा ना.”

डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. आपला हात डबीवर आहे, हे मला तेव्हा स्पष्ट जाणवलं.

मी म्हणालो, “मी खाली मान घालून जेवत होतो. कोणी काय वाढलं, मला काय ठाऊक?”

हे ते वाक्य. मीठ दिलं, ते मी कदाचित उद्या कोणाला सांगूही शकेन—भावाच्या प्रेमापोटी झालं म्हणून. पण हे वाक्य कोणत्या प्रेमापोटी झालं? वहिनी माझ्याकडं पाहत राहिल्या. आत्या बोलत होती, ते बाहेर ओटीवर जमलेल्यांनीही ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते नदीपलीकडं कर्जतेत पोचलं होतं.

दादा त्यानंतर थोडेच दिवस होता. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. डाव्या हातानं तो पुन्हा पुन्हा एकच खूण करायचा. माझ्याकडं बोट, मग स्वतःच्या तोंडाकडं. मंडळींच्या डोळ्यांना पाणी यायचं. निवृत्त अव्वल कारकून सद्‌गदित होऊन म्हणाले, “धाकट्याला सांगतायत—माझ्यामागं सगळ्यांच्या तोंडी घास घाल.” सगळ्यांना ते पटलं. अशा रीतीनं मी घराचा कर्ता झालो. तो वहिनींना सोडवू पाहत होता, की आणखी एक चिमूट मागत होता? मला ठाऊक नाही. मी त्या बोटाच्या समोर बसायचं टाळत असे.

तेरावा झाला आणि वहिनींनी मीठ सोडलं. कोणाला काही सांगितलं नाही, भांडल्या नाहीत. ज्या गोष्टीवरून बोल लागला ती त्यांनी आयुष्यातून काढून टाकली. गावानं त्याचा अर्थ लावला—बाई प्रायश्चित्त घेतेय, म्हणजे केलं असलंच पाहिजे. विहिरीवर बायका त्यांना ऐकू जाईल एवढ्याच हलक्या आवाजात बोलायच्या. हळदकुंकवाला तर विधवेला तसंही कोणी बोलवत नाही. पण यांना लग्नघरी पापड लाटायलाही बोलावणं येईना. मिठाशी संबंध येतो ना. आत्या मरेपर्यंत त्यांच्या हातचं खाऊन त्यांना बोल लावत राहिली. मी तिच्या शेजारीच जेवत होतो. एकदाही म्हणालो नाही की, आत्या, पुरे.

काही वर्षांनी देशभर मिठावरून गदारोळ झाला. चांगली चांगली माणसं मूठभर मिठासाठी तुरुंगात गेली. आमच्याकडंही सभा झाली, आणि गावातला वाचलेला माणूस म्हणून मला बोलायला सांगितलं. मी बोललो. मीठ आणि सत्य यावर बोललो. टाळ्या पडल्या. दादाचं भाषण ऐकताना मी जसा हसायचो, तसं हसणारं मागं कोणी उभं नव्हतं.

ते मुंबईचे डॉक्टर मला पुढं एकदा नेरळला भेटले होते. मी आडून विचारलं, एवढ्याशा मिठानं असं होतं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. ज्याचा दाब एवढा, त्याला ते कधीतरी व्हायचंच. मला हायसं वाटलं. गाडीत बसेपर्यंत टिकलं. कारण दादा कशानं गेला, हे त्यांना माहीत नसेल. वहिनी कशानं अळणी जेवतात, ते मला माहीत आहे. त्या कारणाचा शोध घ्यायला कोणाचं यंत्र लागत नाही.

मग आजवर सांगितलं का नाही? आत्या असताना म्हटलं, म्हातारीला धक्का बसेल. ती गेल्यावर म्हटलं, आता कोणासाठी? ज्यांच्यासाठी, त्या तेव्हाही आत स्वयंपाक करत होत्या, आताही करताहेत. त्यांना सगळं ठाऊक आहे का? असावं. दादा गेला त्यानंतर माझी एकच डबी उरली, हे रोज घर झाडताना त्यांना दिसत नसेल का? पण त्या बोलत नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्यावर मी आजवर जेवत आलो आहे. याला सबब नाही. मी शोधली नाही असं नाही, पण सापडली नाही.

घरात आता आम्ही दोघंच. त्यांना मीठ चालत नाही म्हणून सगळं अळणीच शिजतं, आणि माझ्यासाठी मिठाची वाटी वेगळी असते. पानावर मीठ त्या वाढत नाहीत. वाटी माझ्याकडं सरकवतात आणि आत जातात. मी हातानं घेतो.

परवा कर्जतेत नव्यानं आलेल्या डॉक्टरांनी माझा दाब पाहिला. म्हणाले, या वयाला इतका चांगला दाब क्वचित दिसतो. खाणं कसं आहे? मी म्हणालो, आमच्याकडं सगळं अळणी शिजतं. ते फार खूश झाले.