बैठकीतलं उत्तर

त्या गायकाची गाणी आमच्या घरात बायकोच्या मोबाईलवरून आली. पोरगा वेल्ह्याकडचा, गाणी स्वतःच रचतो आणि स्वतःच दिमडी वाजवून म्हणतो. बायको त्याच भागातल्या पासलीची, त्यामुळे त्याचं बोलणं कानावर पडलं की माहेरचं कुणी दारात आल्यासारखी ती खूश व्हायची. नवऱ्यापेक्षा याचंच कौतुक जास्त चाललंय, असं मी चिडवायचो. ती म्हणायची, मग तुम्हीपण गा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर भोरमध्ये त्याची बैठक ठरल्याचं कळलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं आणि बऱ्याच दिवसांनी शर्टाला इस्त्री केली.

बैठक एका दातांच्या डॉक्टरांच्या माडीवर होती, रविवारी दुपारी. सतरंज्यांवर चाळीसेक माणसं, बहुतेक पुण्याहून गाड्या घेऊन आलेली. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मला ओळखणारे फक्त डॉक्टर, तेही एका दाढेमुळे. सुरुवातीलाच सांगण्यात आलं की रेकॉर्डिंग चालू आहे, मोबाईल बंद ठेवा, टाळ्या गाणं संपल्यावर. मी मागे भिंतीला टेकून बसलो.

पोरानं चांगली गाणी म्हटली. एक प्रेमाचं होतं, ते मला काही झेपलं नाही, पण घाटात रिकाम्या येणाऱ्या एसटीचं गाणं ऐकून मला हिर्डोशीचा फाटा दिसायला लागला. मग तो म्हणाला, हे शेवटचं नवं आहे, अजून कुठं म्हटलेलं नाही, आणि ते भातलावणीच्या गाण्याच्या चालीवर बांधलंय.

आमच्याकडं भातलावणीला बायका दोन रांगा धरतात. एक रांग ओळ टाकते, दुसरी ती उचलते. पुढची रांग सासूचं गाऱ्हाणं सांगो नाहीतर कुणाची टिंगल करो, मागच्या रांगेचं उत्तर ठरलेलं असतं, ‘हाय गं सई, हितंच हाय.’ उत्तर आल्याशिवाय गाणं पुढं सरकत नाही. ओळ टाकणारी बाई रोपं हातात धरून तशीच थांबते, आणि मग मागच्या बायकांची काही खैर नसते.

बायकोनं ही रीत भोरच्या घरात आणली होती. भांडी घासताना ती मोरीतून ओळ टाकायची आणि मी बाहेरच्या खोलीतून उत्तर द्यायचं. पेपरात डोकं घालून बसलो की नळ बंद व्हायचा आणि आतून आवाज यायचा, “अवो, हाय का न्हाई घरात?” मला त्याचा कंटाळाही यायचा, खोटं कशाला बोलू. पण उत्तर मी देत असे. तीस-बत्तीस वर्षं दिलं.

त्या दुपारी पोरानं पहिली ओळ टाकली, ‘पाय रुतला खाचरात, हाक देते गं,’ आणि दिमडीवरचा हात उचलून तो थांबला. माडीवर कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? सगळे डोळे मिटून शांतता अनुभवत होते. ओळ अशी उघडी पडलेली मला मात्र बघवेना. तोंडातून उत्तर निघून गेलं, तेही चांगलं मोठ्यानं. माना वळल्या. पोरगा पुढच्या ओळीवर गेला, पुन्हा थांबला, आणि मी पुन्हा उत्तर दिलं. लाजेनं मी सतरंजीकडं बघत होतो, पण गाणं संपेपर्यंत एकही ओळ सोडली नाही.

नंतर खाली चहा होता. माणसं घोळक्यानं उभी राहून काय काय वाटलं ते एकमेकांना सांगत होती. एक बाई म्हणाल्या, अंगावर काटा आला. एकाला दिमडी फार आवडली. एकाला त्याच्या आवाजात माती आहे असं वाटलं. मातीचा आवाज कसा असतो हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ज्यानं रेकॉर्डिंग केलं होतं तो हळहळत होता की शेवटचं गाणं मागच्या कुणीतरी घालवलं. मी त्याच्यापासून दोन हातांवरच कप धरून उभा होतो. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की ते घालवणं नव्हतं, तिथं उत्तर द्यावंच लागतं, आणि माझ्या घरात ते कोण मागायचं. चहा संपेपर्यंत कुणी माझ्याकडं वळलं नाही, आणि आपणहून सांगायची हिंमत मला झाली नाही.

घरी येऊन कुलूप काढलं. बाहेर असं काही घडलं की पायरीवरूनच तिला सांगायला सुरुवात करायची सवय होती मला. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, गाडी चालवतोय, नंतर बोलू.” एवढा एकटा मी ती गेली त्या तेरा दिवसांतही नव्हतो. तेव्हा निदान माणसं होती घरात.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या ग्रुपवर अभिप्राय सुरू झाले. कुणी लांबलचक लिहिलं, कुणी फुलं टाकली. एकानं विचारलं, ते मागचे काका कोण होते, आणि पुढं हसरा चेहरा. मी चष्मा लावून बसलो आणि सगळं लिहिलं. रांगा, ओळ, उत्तर, बायको, मोरी. त्यावर कुणीतरी हात जोडले. एकानं ‘ओके काका’ लिहिलं. मग सगळे पुढच्या बैठकीच्या जागेकडं वळले.

संध्याकाळी त्या गाण्याचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, मधला गोंगाट काढून स्वच्छ केलाय. मी लावला. पोरगा ओळ म्हणायचा, थांबायचा, आणि माझ्या उत्तराच्या जागी काहीच नव्हतं, पंख्याचा आवाजसुद्धा नाही. ग्रुपवर सगळे खूश झाले. अंगावर काटा आलेल्या बाईंनी लिहिलं की दोन ओळींमधली ती शांतताच खरं गाणं आहे. त्यावर बदाम पडत राहिले.

मला राग आला, मग रडू आलं. मोबाईल डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पोरानं ओळ टाकली आणि तो थांबला. मी मोठ्यानं म्हटलं, “हाय गं सई, हितंच हाय.” तेव्हा मला दिसलं की तो थेट मी टेकून बसलो होतो त्या मागच्या भिंतीकडं बघत होता. त्यानं हलकेच मान डोलावली, आणि मगच पुढची ओळ घेतली.